तीन आठवड्यांच्या अंथरुणानंतरची धाप

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. कमरेच्या दुखापतीमुळे मला तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. दुखणे बरे झाले, हृदय आणि फुप्फुसे तपासणीत निर्दोष आढळली, तरीही दोन जिने चढताच धाप लागते. घरचे याचा दोष वयाला देतात. ते बरोबर आहे का? – एक वाचक

उत्तर : वयाला दोष देण्याआधी त्या तीन आठवड्यांकडे पाहायला हवे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली बेंग्ट सॉल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना नेमके तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले होते. जास्तीत जास्त श्रम करताना शरीर मिनिटाला जितका ऑक्सिजन वापरू शकते ती त्यांची क्षमता, म्हणजे ‘व्हीओटू मॅक्स’, तेवढ्या काळात सरासरी पाव हिश्शाहून अधिक घटली. १९९६ साली तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. मधल्या तीस वर्षांत वय आणि वजन दोन्ही वाढूनही त्यांच्या क्षमतेतील सरासरी घट त्या तीन आठवड्यांतील घटीच्या निम्म्याहून कमी भरली. पाच माणसांवरचा प्रयोग लहानच म्हणायचा. पण पुढे अंतराळवीरांसाठी झालेल्या दीर्घ शय्याविश्रांतीच्या प्रयोगांतूनही हीच दिशा दिसली.

मुख्य बिघाड फुप्फुसांत होत नाही. माणूस आडवा झाला की पायांकडचे रक्त छातीकडे सरकते, शरीराला रक्त जास्त झाल्याचा भास होतो आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदय पुरेसे भरत नाही आणि प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते. डॅलसच्या तरुणांच्या ठोक्यांचा कमाल वेग कमी झाला नव्हता, तरी हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारे रक्त सुमारे २० लिटरवरून १५ लिटरवर आले होते. विश्रांती लांबली तर हृदयाचा स्नायूही आकसतो, आणि शरीराचा भार पेलणारे पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू तर लवकर रोडावतात. तपासणीत निर्दोष ठरलेले हृदय जिन्यावर कमी पडते ते यामुळे. (हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे हलू न देण्याची पद्धत एकेकाळी होती, हे आठवले की आज अवघडल्यासारखे होते.)

गमावलेली क्षमता बरीचशी परत मिळते. त्या तरुणांपैकी जे आधी बैठे जीवन जगत होते, ते सुमारे आठ आठवड्यांच्या व्यायामानंतर मूळ पातळीच्याही पुढे गेले. पन्नाशीत मात्र अधिक वेळ धरावा. रोज चालावे, बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि आठवड्यागणिक वेळ वाढवावा. कमरेवर ताण देणारे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत. मात्र धाप बसल्या जागी लागू लागली, छातीत दुखले किंवा एकाच पायाची पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण दीर्घकाळ पडून राहिल्यावर पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात पोहोचण्याचा धोका असतो.