गॉथिक लिहिताना भुताआधी इस्टेट बघ

प्रिय मित्रा,

भुताची गोष्ट आणि गॉथिक (जुन्या किल्ल्या-वाड्यांतल्या भय-रहस्याच्या कथांचा इंग्रजी प्रकार) यात फरक काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण लक्षणं म्हणून तू जी यादी पाठवलीस (पडका किल्ला, वटवाघळं, वादळी रात्र, करकरणारं दार) ती आधी बाजूला ठेव. ते सगळं नेपथ्य झालं. भुताच्या गोष्टीत भूत का आलं हे नाही सांगितलं तरी चालून जातं. गॉथिकमध्ये मागचा कुठला तरी हिशेब राहिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा इस्टेटीचा असतो. अगदी पहिल्या पुस्तकापासून हे असंच आहे.

ते पहिलं पुस्तक लिहिणारा होरेस वॉलपोल हा इंग्लंडच्या पंतप्रधानाचा धाकटा मुलगा. स्वतः पार्लमेंटचा सभासद, पैशाला तोटा नाही आणि जुन्यापान्या वस्तूंचा भारी नाद. लंडनजवळ ट्विकनहॅमला १७४७ मध्ये त्याने एक साधंसं घर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याला मध्ययुगीन किल्ल्याचं रूप देत बसला. बुरूज, टोकदार कमानी, रंगीत काचा, सगळं आलं. तिथल्या गॅलरीचं छत जुन्या चर्चच्या दगडी छतासारखं दिसतं, प्रत्यक्षात ते कागदाच्या लगद्याचं आहे. १७६४ च्या जूनमध्ये त्याला स्वप्न पडलं: मोठा जिना, आणि अगदी वरच्या कठड्यावर चिलखतातला अवाढव्य हात. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला, आणि दोन महिन्यांच्या आत ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ तयार. हे नाव त्याने चक्क नकाशात बघून उचललं होतं. ऑट्रँटोला खरोखरच किल्ला आहे, हे त्याला कळायला वीसेक वर्षं जावी लागली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यावर वॉलपोलचं नाव नव्हतं. १५२९ साली नेपल्सला छापलेलं एक पुस्तक उत्तर इंग्लंडमधल्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलं, त्याचं हे भाषांतर, अशी प्रस्तावनेत बतावणी. पुस्तक हातोहात खपल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वारी उघडी झाली, आणि ‘अ गॉथिक स्टोरी’ हे उपशीर्षकही तेव्हाच लागलं. जुना आणि नवा अशा दोन्ही तऱ्हांच्या कथांचं मिश्रण करायचं होतं, असं त्याने तिथे सांगितलं आहे. म्हणजे घटना अद्भुत, पण त्यात सापडलेली माणसं रोजच्या माणसांसारखी वागणारी.

आता कथा बघ. लग्नाच्या दिवशीच किल्ल्याचा धनी मॅनफ्रेड याच्या मुलावर आभाळातून प्रचंड शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडून मरतो. बाप काय करतो? वंश चालायला हवा म्हणून बायकोला सोडून होणाऱ्या सुनेशीच, इसाबेलाशी, लग्न लावायला निघतो. इसाबेला तळघरातल्या भुयारातून पळते. हातात दिवा, मागे कुठेतरी दार हलल्याचा आवाज, आणि वाऱ्याच्या झोताने दिवा विझतो. पुढे शेकडो कादंबऱ्यांनी हे पान गिरवलं. पण मॅनफ्रेडची एवढी घाई का, याचं उत्तर शेवटी मिळतं. त्याचा आजा रिकार्डो हा किल्ल्याच्या खऱ्या मालकाचा, अल्फोन्सोचा नोकर. त्याने मालकावर विषप्रयोग केला आणि खोटं मृत्युपत्र पुढे करून किल्ला लाटला. खोट्या कागदावर उभी असलेली इस्टेट, ती सांगणारं पुस्तकही खोट्या कागदपत्राचा आव आणणारं, आणि लेखक कागदी छताखाली राहणारा! मला यातली गंमत अजून पुरी पडत नाही.

तीस वर्षांनी, १७९४ मध्ये, ॲन रॅडक्लिफचं ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ आलं. प्रकाशकाने तिला ५०० पौंड मोजले, त्या काळी ही रक्कम मोठी होती. बाईंनी इटली पाहिलेली नव्हती; डोंगर-दऱ्या सगळ्या चित्रांतून आणि प्रवासवर्णनांतून घेतलेल्या. नायिका एमिली उडोल्फो किल्ल्याच्या एका दालनात काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं? पुस्तक संपत येईपर्यंत बाई सांगत नाहीत. सांगतात तेव्हा तो मेणाचा पुतळा निघतो, आणि वाचक चिडतो. मीही चिडलो होतो. पण मधली शेकडो पानं आपण त्या पडद्यामागे काय काय बघत होतो, ते आठव. एडमंड बर्क या विचारवंताने १७५७ मध्येच लिहून ठेवलं होतं की धोक्याचा पूर्ण आवाका कळला की भीती बरीचशी ओसरते. रॅडक्लिफने ते अमलात आणलं.

आणि त्या किल्ल्यात खरा धोका कुठला? किल्ल्याचा मालक मोंटोनी हा एमिलीच्या आत्याचा नवरा, आणि त्याला बायकोची मालमत्ता आपल्या नावावर करून घ्यायला तिची सही हवी असते. ती देत नाही म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो, ती तिथे मरते, मग सहीसाठी तो एमिलीच्या मागे लागतो. लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या हाती जाणार, असा तेव्हाचा इंग्लंडचा कायदा. वाचणाऱ्या बायकांना हे भय नवं नव्हतं. फक्त गोष्ट परदेशात, कॅथलिक मुलखात, जुन्या काळात नेली की बिनधोक लिहिता येत होतं.

पुढचं भराभर सांगतो. ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माडीवर कोंडलेली नायकाची बायको बर्था ३०,००० पौंडांचा हुंडा घेऊन आलेली आहे. ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) सुरुवात होते ती घराच्या खरेदीची कागदपत्रं घेऊन निघालेल्या तरुण सॉलिसिटरपासून. ‘फ्रँकेन्स्टाईन’ माझ्या या सूत्रात नीट बसत नाही, ओढूनताणून बसवणारही नाही. तिथे मागचा गुन्हा कुणा आज्याचा नाही, नायकाचा स्वतःचाच आहे.

तुझ्या कथेतल्या वाड्याबद्दल एवढंच. पांढऱ्या साडीतली बाई माडीवर दिसते, ठीक. पण वाडा कुणाच्या नावावर होता, वाटणीत कुणाचा हिस्सा बुडाला, तिचा अंगठा कुणी आणि कसा घेतला, हे तुला स्वतःला माहीत आहे का? भाऊबंदकी आपल्याकडे शिकवावी लागत नाही, तेव्हा कल्पना लढवायला अडचण येऊ नये. हे सगळं कथेत लिहायची गरज नाही, पण लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. मग ती जिन्याच्या कुठल्या पायरीवर थांबते हे आपोआप ठरेल. आणि तिचा चेहरा पहिल्याच पानावर दाखवलास, तो काढ.

वाचायचं तर आधी ‘ऑट्रँटो’ घे, छोटी आहे, दोन बैठकांत होईल. शिरस्त्राणाला हसू आलं तर खुशाल हस. मग ‘उडोल्फो’, निसर्गवर्णनं गाळलीस तरी मी रागावणार नाही. त्यानंतर जेन ऑस्टिनचं ‘नॉर्थँगर ॲबी’, म्हणजे या सगळ्याची थट्टा कशी होते ते कळेल: नायिकेला कपाटात गूढ कागद सापडतात आणि सकाळी बघते तर धोब्याची बिलं. मॅथ्यू लुईसचं ‘द मंक’ (१७९६) मात्र शेवटी ठेव. विशीतल्या पोराने लिहिलंय, रॅडक्लिफ जे पडद्याआड ठेवते ते तो सगळं उघड्यावर मांडतो, आणि ते आधी वाचलंस तर तूही तसंच करायला जाशील.

तुझा,
सर