आज्जाचा विषय काढायचा की नाही?

घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर काही महिन्यांनी माझ्याकडे येणारी कुटुंबे बहुधा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : मुलांसमोर त्यांची आठवण काढावी, की मुले सावरेपर्यंत तो विषय टाळावा? बेळगावात टिळकवाडीत समुपदेशन करताना या प्रश्नाचे जे उत्तर मला उमगले, त्यातला मोठा वाटा एका नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. कुटुंबाच्या संमतीने, आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, ती हकीकत येथे सांगते.

मुलाचे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते आणि घर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात होते. जानेवारीत ते एकटेच आले. शाळेतून निरोप आला होता की मुलगा वर्गात तोंड उघडत नाही; घरी तो ताटात अर्धे टाकून उठत होता आणि गोडाला तर हातच लावत नव्हता. हे गोडाचे त्यांनी जाता जाता सांगितले आणि मीही जाता जाताच ऐकले, ही माझी चूक. मुलाचे आजोबा मृगात, शेतावरून परतताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. वय शहात्तर. "त्याला त्रास नको म्हणून आम्ही अण्णांचं नावच काढत नाही, मॅडम. फोटोला हार घातलाय, त्यांच्या एम-एटी गाडीवर ताडपत्री टाकलीय. आणखी काय करायचं?"

अण्णा कसे होते, असे मी विचारले, तेव्हा "चांगले होते, शांत होते" एवढेच उत्तर आले, आणि ते देताना त्यांचेच ओठ किंचित हलले. मी थांबून राहिले. मग त्यांनी शोकसभेची गोष्ट सांगितली. देवळाच्या मंडपात एका वक्त्याने अण्णांना 'मितभाषी आणि संयमी' म्हटले होते. ज्यांची हाक तीन शेते ओलांडून जायची, भावकीतल्या एकाही भांडणात ज्यांनी मध्ये तोंड घातले नाही असे झाले नाही, त्यांना मितभाषी! "मला हसूच फुटलं, खरं आत्यानं असं बघितलं की मान वर करायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून घरात कोण अण्णांबद्दल बोलत नाही."

पुढचा पाऊण तास ते बोलत होते. अण्णा तरुणपणी कुस्ती खेळले होते आणि म्हातारपणी रताळ्याची पोती एम-एटीवर लादून मार्केट यार्ड गाठत होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते हिंडलग्याच्या तुरुंगात गेले होते. त्या मुक्कामाचे दिवस सांगताना ते दर दिवाळीला वाढत जायचे, चाराचे सात, साताचे अकरा. हाच माणूस बैलांना मात्र अस्सल कानडीतून शिव्या घालायचा आणि विचारले तर म्हणायचा, "चिंचलीच्या जत्रेतून आणलेत, त्यांना मराठी कुठली कळायला?" हे सांगताना वडील हसत होते आणि डोळेही पुसत होते. जाताना त्यांनी विचारले, "हे असं हसलेलं चालतं काय?"

चालते. माणूस गेल्यावर त्याच्याशी असलेले नाते तोडल्याशिवाय दुःखातून बाहेर पडता येत नाही, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ मानसशास्त्रातही होती. १९९६ पासून डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला विचार वेगळा आहे : नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते, आणि बहुतेक माणसे ते रूप सांभाळूनच पुढे जगतात. दुःखाचे जे पाच टप्पे सगळीकडे सांगितले जातात, ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मुळात स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांविषयी मांडले होते. मागे राहिलेल्यांनी आपण कोणत्या पायरीवर आहोत हे तपासत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे म्हाळाच्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचे जिन्नस पानावर वाढायची रीत आहेच. फक्त पान वाढताना त्या माणसाबद्दल बोलायचे आपण हल्ली विसरतो, असे मला वाटते.

मुलाच्या बाबतीत मी आधी चुकलेच. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे त्याला आठवणींची पेटी करायला सांगितली. त्याने आज्जाची टोपी, चष्मा आणि एक फोटो गृहपाठ करावा तशा निमूटपणे आणून ठेवला. दोन भेटी अशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी पत्त्यांचा जोड काढला, कारण आजोबा-नातू रोज संध्याकाळी सात-आठ खेळायचे, हे वडिलांकडून कळले होते. त्याने मुकाट्याने तीस पाने वेगळी केली, पंधरा-पंधरा वाटली आणि दुसऱ्या डावाला माझ्याकडचे पान ओढताना हळूच म्हणाला, "आज्जा खोटं खेळायचा. हुकुमाचा एक्का मांडीखाली ठेवायचा."

"आणि तुला कळायचं?"

"कळायचं की. खरं मी सांगायचो नाही." मग बराच वेळ पानांकडे बघत राहिला. "आज्जाचं आणखी एक सांगायचो नाही."

अण्णांना वीस वर्षांपासून मधुमेह होता. तरीही बाजाराच्या दिवशी ते कुंद्याचा, म्हणजे बेळगावी खव्याच्या मिठाईचा, एक पुडा एम-एटीच्या डिकीत लपवून आणायचे, आणि आजी दुपारी आडवी झाली की तो काढून आणायचे काम नातवाचे असायचे. वाटणी ठरलेली होती : दोन घास आज्जाला, एक नातवाला. जाण्याच्या आदल्या दिवशीही त्याने पुडा आणून दिला होता. डॉक्टर "शुगर" असे काही बोलल्याचे त्याने दाराआडून ऐकले, आणि त्यानंतर घरात कोणी आज्जाचे नावच घेईना. सात महिने हा मुलगा असे धरून चालला होता की आज्जाला आपणच मारले, आणि सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळेच सगळे गप्प आहेत.

मृत्यू कायमचा असतो हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना कळू लागते, पण तो का आला याचे कारण कोणी सांगितले नाही तर ती ते स्वतः रचतात, आणि त्या कारणात बऱ्याचदा स्वतःलाच गोवतात. त्या मुलाला मी वडिलांसमोर खरे ते सांगितले. आज्जाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अनेक वर्षांत अरुंद होत गेल्या होत्या. त्यात मधुमेह होता, वय होते आणि चाळीस वर्षांच्या विड्याही होत्या. त्या दोन घासांनी हे घडत नाही. कुंदा खायचा की नाही, हे ठरवणारा माणूस शहात्तर वर्षांचा होता, नऊ वर्षांचा नव्हे. कुंदा निर्दोष होता असे मात्र मी म्हटले नाही, कारण मुलांना गुळमुळीत खोटे लगेच ओळखू येते.

वडील एकदम म्हणाले, "अरे, डिकीतला कुंदा आम्हा सगळ्यांना माहीत होता की. आज्जी तर पुडा मोजायची." मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला, आणि मग इतका रडला की मी दार लोटून घेतले.

त्यानंतर फारसे काही करावे लागले नाही. आणखी चार भेटी झाल्या, जेवण पूर्ववत झाले, शाळेतली तक्रार थांबली. प्रत्येक घरी इतके सरळ घडत नाही. मुलांमध्ये सहा महिन्यांनंतर आणि मोठ्यांमध्ये वर्षानंतरही ओढ आणि वेदना रोज तितकीच तीव्र राहून दैनंदिन जगणे अडत असेल, तर तज्ज्ञाकडे जावे. जवळ कोणी नसल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

वर्षश्राद्धानंतरच्या म्हाळाला वडिलांचा फोन आला. पानावर वडे, खीर आणि कोपऱ्यात कुंदा वाढला होता आणि पंगतीत अण्णांच्या तुरुंगवासावरून वाद जुंपला होता. चुलते म्हणत होते सात दिवस. नातू अकरावरून हटायला तयार नव्हता, कारण आज्जाने स्वतः त्याला तसे सांगितले होते. शेवटी शोकसभेत डोळे वटारणाऱ्या आत्याच बोलल्या, ज्यांचे सासर हिंडलग्यातच आहे.

"चारच दिवस. भाकरीचा डबा मी न्यायची गेटपर्यंत, मला ठाऊक नाही होय? आणि चारही दिवस डबा परत आला तो ह्या निरोपासंगं, की उद्या मटण आण."