वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडची जमात, कागदावरची जात

या महिन्यात जात-जमातीच्या नोंदीबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा तांडा किनवट तालुक्यात आहे. निम्मे सोयरे आदिलाबाद जिल्ह्यात. ते एसटी (अनुसूचित जमात) आणि आम्ही व्हीजे (विमुक्त जाती). गोत्रं तीच, बोली तीच, तीज तीच. बहीण तिकडे दिली आहे. हैदराबाद गॅझेटमध्ये आमची नोंद जमात म्हणून आहे असं सांगतात. त्यावर मला किंवा बहिणीला तिकडचा एसटीचा दाखला निघेल का?

नाही निघणार. आणि कुणी एजंट काढून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

हा गुंता झाला कसा ते आधी पाहू. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होता. 1950 साली हैदराबाद राज्यासाठी अनुसूचित जमातींची यादी निघाली, तीत गोंड, कोलाम, आंध, परधान, भिल्ल होते, लंबाडे, म्हणजे आपल्याकडचे बंजारा, नव्हते. 1956 मध्ये राज्याचे तीन तुकडे झाले. पुढे 1976 च्या संसदीय कायद्याने तेलंगणातले लंबाडे एसटीत आले. तोवर किनवट आदिलाबादपासून तुटून वीस वर्षं झाली होती, म्हणून तुमचा तांडा बाहेर राहिला. बिदरकडचे लंबाणी तर अनुसूचित जातीत आहेत. एकच समाज तीन राज्यांत तीन खान्यांत बसला आहे. हा अन्याय वाटतो, आणि तो तसा आहेही. पण ‘निजामाच्या काळी आपण एसटी होतो’ हे वाक्य मोर्चात चालतं, कोर्टात टिकत नाही. निजामकालीन गॅझेट किंवा शिरगणतीत ‘जमात’ असा उल्लेख असणं वेगळं आणि राज्यघटनेच्या 342 व्या कलमाखालच्या यादीत नाव असणं वेगळं. यादीत भर घालायची किंवा काटछाट करायची तर ते फक्त संसद करू शकते. राज्य सरकारचा जीआर किंवा न्यायालयाचा निकाल त्या यादीत एक शब्दही वाढवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद प्रकरणात हे अगदी स्पष्ट सांगितलं आहे. 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटचा जीआर मराठा-कुणबी नोंदींसाठी आहे. ओबीसीची यादी राज्याच्या अखत्यारीत येते, एसटीची येत नाही.

आता बहिणीचं. जात-जमात वडिलांकडून येते, लग्नाने बदलत नाही. शिवाय आरक्षणाचा हक्क राज्याची हद्द ओलांडून सोबत येत नाही. 1990 पासून न्यायालयांची हीच भूमिका आहे. त्यामुळे बहीण आदिलाबादेत कितीही वर्षं राहिली तरी तेलंगणात एसटी ठरत नाही. तिच्या मुलांचं तसं नाही. वडील तिकडचे असल्याने ती एसटी आहेत.

खोट्या रहिवासावर तिकडचा दाखला काढला तर काय होतं? 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दाखला रद्द झाला की नोकरीही जाते, ‘इतकी वर्षं सेवा केली’ हा युक्तिवाद चालत नाही. हेतू वाईट नव्हता हे सिद्ध झालं तरी लाभ परत घेतला जातो. शिवाय 1976 नंतर आदिलाबादेत बाहेरून आलेल्या लंबाड्यांमुळे आपली जमीन आणि जागा गेल्या, अशी तिथल्या गोंड-कोलामांची जुनी तक्रार आहे, आणि 2017 मध्ये ती फार कडवट झाली. खोटा दाखला त्या आगीत तेल ओततो.

आज तुमच्या हातात जे आहे ते नीट वापरा. राज्यात विमुक्त जाती (अ) साठी 3 टक्के जागा आहेत. त्यासाठी जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचा वैधता दाखला) आणि चालू नॉन-क्रीमिलेअर असे तीनही कागद लागतात. केंद्राच्या नोकरीत आणि केंद्रीय संस्थांत तुम्ही ओबीसी आहात, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. राज्याचाच दाखला केंद्राच्या भरतीला जोडल्यामुळे अर्ज बाद होतात, आणि हे टाळता येण्यासारखं आहे. एसटीला मिळणारं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण आणि विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा मात्र विमुक्तांना नाहीत. एसटीत घेण्याच्या मागणीमागचं खरं दुखणं हे आहे.

मागणीचा रस्ता असा : राज्य सरकार अभ्यासासह शिफारस करतं, ती भारताच्या महानिबंधकांकडे (जनगणना खात्याच्या प्रमुखांकडे) जाते, त्यांची सहमती झाली तर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे, मग केंद्रीय मंत्रिमंडळ आणि शेवटी संसदेत विधेयक. महानिबंधकांनी दुसऱ्यांदाही नकार दिला तर प्रस्ताव बहुधा तिथेच थांबतो. कसोट्या अजूनही 1965 च्या लोकूर समितीच्याच आहेत : आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी बुजरेपणा, मागासलेपण. या कसोट्या जुन्या झाल्या आहेत आणि बदलायला हव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्यापारासाठी देशभर बैल हाकत फिरलेल्या समाजाला ‘बुजरेपणा’च्या कसोटीवर कसं तोलणार? आणि मागणी करताना राज्यातल्या 7 टक्क्यांत आधीपासून असलेल्या आंध, गोंड, कोलाम, भिल्लांच्या वाट्याचं काय, याचं उत्तरही सोबत द्यावं लागेल. ते न देता निघालेले मोर्चे गरिबांची गरिबांशीच झुंज लावतात.

प्रश्न : लातूरला पदवीच्या वर्गात वादविवाद झाला. दाखल्यावरून, शाळेच्या रजिस्टरवरून जातच काढून टाकली तर भेदभाव संपेल, असं एक बाजू म्हणाली. असं कुठल्या देशाने करून पाहिलं आहे का?

केलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणचा निकाल वेगळा आहे. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण जपानचं.

जपानमध्ये चामडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं, फाशीची व्यवस्था बघणं अशी कामं ठराविक वस्त्यांतल्या लोकांकडे होती आणि त्यांना अस्पृश्य मानत. 1871 साली फर्मान काढून ही उतरंड रद्द झाली. 1872 मध्ये देशभर कुटुंब-नोंदवह्या लिहायला घेतल्या, आणि कित्येक ठिकाणच्या कारकुनांनी या लोकांच्या नावापुढे ‘नवे सामान्य जन’ असं लिहून ठेवलं. पुढची शंभर वर्षं लग्न जुळवताना, नोकरी देताना लोक ही वही चाळून बघत. 1968 मध्ये ती जुनी वही बघायला बंदी आली. मग 1975 मध्ये उघड झालं की अशा वस्त्यांची नावं, पत्ते, घरांची संख्या आणि धंदे यांची छापील यादी टपालाने विकली जात होती, आणि ती घेणाऱ्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या. पुढच्याच वर्षी कुटुंब-नोंदी वाटेल त्याला पाहता येणार नाहीत असा कायदा झाला. वहीतली खूण गेली, तरी पत्ता राहिलाच. आता या याद्या इंटरनेटवर टाकल्या जातात. 2023 मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभावाला बळी न पडण्याचा माणसाचा हक्क मान्य करून अशा प्रकाशनाला मनाई केली.

मराठवाड्यातल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, गावात घर कुठल्या अंगाला आहे ते सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण समतानगरची पाटी लागल्यावरही पाण्याची लाईन सगळ्यात शेवटी त्याच वस्तीत पोहोचत असेल, तर पाटीने काय साधलं? जपाननेही नुसती खूण पुसली नाही. 1969 ते 2002 या काळात खास कायद्याखाली या वस्त्यांत घरं, रस्ते, गटारं, शिष्यवृत्त्या यांवर सुमारे 15 लाख कोटी येन खर्च केले. घरांत आणि शिक्षणात फरक पडला तो यामुळे.

रवांडाचं उदाहरण उलटं आहे. बेल्जियमच्या राजवटीने 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, ट्वा असं छापायला सुरुवात केली. 1994 मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लावून तीच कार्डं तपासून तुत्सींना मारलं. त्यानंतर कार्डावरून तो रकाना गेला, आणि जाणं भागच होतं. पण पुढे फूट पाडण्याविरुद्धचे कायदे इतके व्यापक झाले की तिथल्या सगळ्यात गरीब ट्वा लोकांना स्वतःच्या नावाने संघटना चालवणं कठीण झालं. सरकारी भाषेत ते ‘इतिहासात मागे राहिलेले’ एवढेच उरले.

दक्षिण आफ्रिकेने प्रत्येकाला वंशात वाटणारा 1950 चा नोंदणी कायदा 1991 मध्ये रद्द केला आणि 1998 च्या रोजगार समानता कायद्यात तेच वर्ग पुन्हा वापरले, मात्र माणूस स्वतः सांगेल तसे आणि नुकसान भरून काढण्यासाठी. ब्राझीलमध्ये 2012 पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळेतल्या मुलांना आहेत आणि त्यांत वर्णानुसार वाटा आहे. तिथे विद्यार्थी स्वतःच वर्ण लिहितो. खोटे दावे वाढल्यावर विद्यापीठांनी समोर बसवून पडताळणी करणाऱ्या समित्या नेमल्या.

म्हणून आमचं उत्तर असं : नोंद असावी, पण ती हक्क देण्याच्या कामापुरतीच उघडावी. घर भाड्याने देणाऱ्याला, खासगी मालकाला, वर्गातल्या हजेरीपटावर ती दिसायचं काही कारण नाही. आणि तत्त्वासाठी मुलाच्या शाळाप्रवेशात जातीचा रकाना कोरा ठेवणाऱ्या पालकांना एक सूचना. तो रकाना नंतर भरायचा तर मुलगा शाळेत असेपर्यंतच भरून घ्या. टीसी हातात पडल्यावर बदल करून घेणं फार जिकिरीचं होतं, आणि नातवाच्या व्हॅलिडिटीला नेमका तोच उतारा मागतात.

प्रश्न : बीड जिल्ह्यात आमच्या गावाबाहेर पारध्यांची दहा-बारा पालं आहेत. मुलं शाळेत जातात, पण कुणाकडे कागद नाही. 1950 चा पुरावा आणायचा कुठून?

पारधी, फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहेत. त्यांच्यासाठी मूळ रहिवासाची तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. एससीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967. सेतू केंद्रावर या तारखांची सरमिसळ होते, म्हणून त्या लिहूनच न्या.

कामाची सुरुवात वंशावळीपासून करा. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून आजा-पणज्याची नावं, ती कुठल्या गावांच्या शिवारात उतरायची ती गावं, आणि कुणाचं नाव कधी शाळेत होतं ते लिहून घ्या. त्या प्रत्येक गावच्या शाळेत जुन्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची गाव नमुना 14 ची नोंद, आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक बघा. या नोंदी उर्दूत किंवा मोडीत असतील. अधिकृत जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाची प्रमाणित प्रत सोबत लावा, कारण नुसतं लिप्यंतर समितीसमोर टिकत नाही.

आणखी एक जागा लोकांना सुचत नाही : जुनं पोलिस दप्तर. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, निजाम राज्यातही त्याच धर्तीचा कायदा होता. त्या लोकांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे आणि हजेरीच्या वहीत नाव, बापाचं नाव, जमात लिहिली जाई. ज्या वहीने त्यांना छळलं तीच वही आज सार्वजनिक नोंद म्हणून पुढे ठेवता येते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मागा, आणि स्वातंत्र्यापूर्वीची नोंद मिळाली तर ती सगळ्यांत वजनदार समजा.

अडतं कुठे? पारध्यांत काळे, पवार, भोसले, चव्हाण, शिंदे अशी आडनावं असतात. गुरुजींनी आडनाव ऐकून ‘हिंदू मराठा’ लिहून टाकलेलं असतं. एका भावाच्या टीसीवर तसं आणि दुसऱ्याच्या टीसीवर ‘पारधी’ असेल तर दोन्ही कागद जोडा आणि फरक कसा पडला ते शपथपत्रात आपणच सांगा. लपवलेला कागद पडताळणी समितीच्या दक्षता पथकाला सापडला की सगळा दावा संशयात जातो. वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या-चुलत नात्यात कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती सगळ्यात वर लावा. पथक देवक, बोली, लग्नाच्या रीती विचारतं. शहरात वाढलेल्या पोराला हे सांगता आलं नाही म्हणून दावा फेटाळला जायचा. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी धरता येणार नाही. हा निकाल लेखी म्हणण्यात आवर्जून नमूद करा.

दाखला उपविभागीय अधिकारी देतात. नकार आला तर लेखी कारणासह मागा आणि 30 दिवसांच्या आत अपील करा.

प्रश्न : जनगणनेत जात विचारणार आहेत. तिथे जी सांगू तिचाच पुढे दाखला मिळेल का? (धाराशिव)

मिळणार नाही. जनगणना कायदा 1948 च्या 15 व्या कलमाप्रमाणे प्रगणकाने भरलेली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्यामुळे खरी जात सांगायला भिऊ नका, आणि फायद्यासाठी दुसरी सांगून काही मिळणारही नाही. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे.

सांगताना आडनाव, कूळ किंवा गोत्र सांगू नका. जातीचं नाव आणि पोटजात सांगा, आणि प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून घ्या. 1931 च्या शिरगणतीत 4,147 जाती होत्या. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली नावं 46 लाखांवर गेली, कारण आडनावं, कुळं आणि एकाच नावाची वेगवेगळी स्पेलिंगं जात म्हणून नोंदली गेली, आणि ती आकडेवारी वापरण्याजोगी राहिली नाही. घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती कायद्याने नाही, नवऱ्याचं नाव घ्यायची सक्तीही बाईवर नाही. जात विचारली तर मात्र आपल्या माहितीप्रमाणे खरं उत्तर देणं बंधनकारक आहे.