अमेरिकेत इतक्या मुलांना एडीएचडी कसा? मोबाइलमुळे का?

तुमचा प्रश्न असा, की आपल्या लहानपणी हे नावही कानावर आलं नव्हतं, मग आता अमेरिकेतल्या भाच्याच्या वर्गात तीन-तीन मुलांना एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा आजार) कसा, आणि हे मोबाइलमुळेच ना? मी टेक्सासमध्ये राहते. डॉक्टर नाही, पण या विषयात घरातच दोनदा पोळले आहे.

मोबाइलचं आधी सांगते. इथल्या सरकारी पाहणीत पालकांना विचारतात, 'तुमच्या मुलाला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?' 4 ते 17 वयाच्या मुलांपैकी 2003 साली 7.8 टक्क्यांचं उत्तर 'हो' आलं, 2007 मध्ये 9.5 आणि 2011 मध्ये 11. पहिला आयफोनच 2007 च्या जूनमध्ये आला, म्हणजे चढण त्याआधीच लागली होती. 2022 मध्ये, 3 ते 17 वयात, हा आकडा 11.4 टक्के होता. सुमारे 71 लाख मुलं. मात्र ही मोजणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुलांची आहे, त्रास असलेल्या मुलांची नव्हे. स्वीडनमध्ये 2004 ते 2014 या काळात नऊ वर्षांच्या जुळ्या मुलांच्या पालकांना लक्षणं विचारत गेले. तीव्र लक्षणं असलेल्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं, पण त्याच दहा वर्षांत सरकारी नोंदींतली निदानं पाचपटीहून जास्त झाली.

मुलं तीच, दार रुंद झालं. डॉक्टर ज्यावरून मानसिक आजारांचं निदान करतात, त्या अमेरिकी नियमावलीत 1968 साली या आजाराच्या नावातच अति हालचाल होती. एका जागी बूड न टेकणारं पोर, बस. 1980 मध्ये लक्ष न लागणं मुख्य झालं. 1994 पासून अजिबात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणारी मुलंही स्पष्टपणे त्यात आली. लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट होती, ती 2013 मध्ये बारावर नेली. आणि मधेच, 1991 साली, केंद्राच्या शिक्षण खात्याने शाळांना कळवलं की एडीएचडी असलेली मुलंही विशेष शिक्षणाला पात्र ठरू शकतात. माझ्या मते हे पत्र फार महत्त्वाचं. जास्तीचा वेळ, वेगळी मदत कागदावर मिळणार म्हटल्यावर पालक कागद मागणारच! (भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नावाने नाही.)

आता घरचं. धाकट्याचा जन्म 29 ऑगस्टचा. इथे 1 सप्टेंबरला पाच पूर्ण असतील तर केजीत घेतात, म्हणजे हा वर्गात सगळ्यांत लहान, काही मुलं जवळजवळ वर्षाने मोठी. दुसऱ्याच महिन्यात बाईंनी बोलावलं: ओळीत उभा राहत नाही, सूचना अर्धीच ऐकतो. आम्हाला एडीएचडीच्या तपासणीचा फॉर्म दिला. व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणाली, "अगं, पायाला भिंगरी आहे त्याच्या, त्याला कसला आजार?" योगायोगाने तेव्हाच मी 2018 चा एक अभ्यास वाचला. प्रवेशाची तारीख 1 सप्टेंबर असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्के जास्त प्रमाणात हे निदान मिळालं होतं. तारीख बदलली की मेंदू बदलतो थोडाच! डॉक्टरांनीही थांबू या म्हटलं. आता तो दुसरीत आहे, बडबड्या आहे, तक्रार नाही.

एवढ्यावरून 'सगळी थेरं आहेत' असं मी म्हटलं असतं. पण थोरली आठवीत गेली आणि कोसळली. हुशार पण धांदरट, हेच आम्ही दहा वर्षं म्हणत आलो होतो. एकदा दप्तर उपसलं तर पूर्ण केलेला पण कधी न दिलेला गृहपाठ निघाला, गठ्ठाच्या गठ्ठा. तिला खरोखर एडीएचडी निघाला. शांत मुलगी, कोणाला त्रास नाही, म्हणून कोणत्याच बाईंनी आम्हाला बोलावलं नव्हतं. औषध सुरू झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाकीच्यांना रोज असंच सोपं जातं?" मला तेव्हा फार लाज वाटली.

तेव्हा भाच्याच्या बाईंनी फॉर्म दिलाच, तर आधी त्याची जन्मतारीख आणि त्यांच्याकडची प्रवेशाची तारीख शेजारी ठेवून बघा, आणि डॉक्टरांनाही सांगा. त्याला शांत, हुशार बहीण असेल तर एकदा तिचंही दप्तर उपसा.