उतारा आज्ज्याच्या नावावर, मदत कुणाच्या खात्यावर?

प्रश्न : आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीस गुंठे कोबी तयार होता. गोव्याच्या गाड्या थांबल्या, मार्केटात उठाव नाही. शेवटी रोटर फिरवला. शेजाऱ्यांना सरकारी मदत मिळाली, आम्हाला रुपयाही नाही. उतारा अजून आज्जेसासऱ्यांच्या नावावर आहे, ते वारून बरीच वर्षं झाली. आता एकजण म्हणतो, हजार रुपये द्या, अडकलेले पैसे काढून देतो. द्यावेत का?

उत्तर : ताई, त्याला एक रुपयाही देऊ नका. ती मदत केव्हाच वाटून संपली. उतारा मयताच्या नावावर, म्हणजे यादीत तुमच्या घरातलं कुणी आलंच नसणार. मग अडकलंय काय आणि तो काढणार काय?

कर्नाटक सरकारनं मे २०२० मध्ये फुलवाल्यांना हेक्टरी २५ हजार, भाजी आणि फळवाल्यांना हेक्टरी १५ हजार जाहीर केले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फुलं, फळं, भाजी सगळ्यांनाच हेक्टरी १० हजार, तेही एक हेक्टरपर्यंतच. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. म्हणजे भाजीला पहिल्या वर्षी गुंठ्याला साधारण दीडशे रुपये, दुसऱ्या वर्षी शंभर. तुमच्या तीस गुंठ्यांना पहिल्या खेपेला साडेचार हजार आले असते. कोबीचा तरू, खत, औषध, भांगलणीच्या बायकांची हजेरी, यातलं कितीसं भागलं असतं? पण ते तुमच्या हक्काचे होते, आणि ते बुडाले याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोबी कुणी लावला हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. सरकार मात्र उतारा, पीक पाहणी आणि आधार जोडलेलं बँक खातं एवढंच बघतं. वाट्यानं शेती करणारे तर यात पार कोरडे राहिले. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

आता वारसा लावून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत जा. आज्जेसासरे, मग सासरे, अशी पिढी वगळू नका. मध्ये कुणी वारलं असेल तर त्यांचाही दाखला लागतो. नणंदांची नावंही वंशावळीत येतात. ती लपवली की पुढं तक्रार होते, आणि त्यांचा हक्क आहेच. भाऊबंदांची वाटणी झाली नसेल तरी वारसा थांबवू नका, सगळ्यांची नावं एकत्र लागू देत.

आधारवर ‘परशुराम’ आणि कानडी उताऱ्यावर ‘परशराम’ असलं काही असेल तर त्याच वेळी दुरुस्त करा. मग कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात ‘फ्रूट्स’ची, म्हणजे सरकारच्या शेतकरी यादीतली नोंदणी करून आपला सर्व्हे नंबर तिथं जोडून घ्या. दर हंगामात पीक पाहणी होते. ‘बेळे दर्शक’ ॲपवर तुमच्या रानात कोबीच लिहिलाय की भात, ते पोराला बघायला लावा. चुकलं असेल तर तिथंच हरकत घेता येते.

पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर हवी, अशी अट आहे. मालकाच्या मृत्यूमुळं वारसानं आलेल्या जमिनीला ती लागत नाही. त्यामुळं ‘आता उशीर झाला’ असं कुणी काउंटरवर म्हणालं तर परत फिरू नका, वारसाचा फेरफार पुढं ठेवा.