जुन्या लॅपटॉपला एसएसडी टाकावी का? फैजपूरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, जुन्या लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली ड्राइव्ह, टाकावी का, हाच प्रश्न घेऊन गेल्या पंधरवड्यात तिघं जण माझ्याकडे भुसावळला येऊन गेले, त्यामुळे उत्तर जरा सविस्तरच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉप २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. त्यावर वडिलांच्या कृषी सेवा केंद्राची बिलं आणि टॅली. चालू केला की चहा उकळून, पिऊन, कप विसळून होतो तरी पडद्यावर गोल फिरतोच आहे. दुकानदार म्हणतो भंगारात काढा. मित्र म्हणतो एनव्हीएमई जातीची एसएसडी टाक, सगळ्यात फास्ट. आणि तुम्हाला धाकधूक, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकेल का.

एसएसडी टाका. पण एनव्हीएमई नको, साटाची, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी. आणि पैसे खर्चण्याआधी दुखणं नक्की कुठे आहे ते बघा. लॅपटॉप सुरू झाला की काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात ९५-१०० टक्के आणि सीपीयू १५-२० वर लोळत असेल, तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय. मेमरीही ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅमही कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी ओझं. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही निघेल.

डिस्क का दमते ते सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडेल. लॅपटॉपची जुनी डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो आणि हेड सरकायचा वेळ वेगळा. दोन्ही मिळून १५-१७ मिलिसेकंद धरा. एकाच बागेतली केळी ट्रकमध्ये भरायची असतील तर ही डिस्क वाईट नाही, सेकंदाला ८०-१०० एमबी देते. पण त्याच हमालाला एक घड रावेरहून, एक सावद्याहून, एक चोपड्याहून आण म्हटलं की त्याचा दिवस रस्त्यातच जातो. विंडोज सुरू होताना नेमकं हेच करतं, हजारो बारीक फायली ठिकठिकाणाहून मागतं. सेकंदाला साठ-सत्तर फेऱ्यांत ते कसं भागणार? एसएसडीत फिरणारं काहीच नाही, एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. फरक पडतो तो इथे. डब्यावर छापलेल्या ‘सेकंदाला ५५० एमबी’मुळे नव्हे.

म्हणूनच मी एनव्हीएमईच्या मागे लागू नका म्हणतो. तुमच्या काळच्या लॅपटॉपात तिची जागाच नसते. फार तर एमसाटाची, म्हणजे छोट्या साटा एसएसडीची, खाच सापडेल. दुकानात एम-डॉट-टू नावाची पट्टीसारखी एसएसडी दाखवतील, पण तो नुसता आकार आहे, त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि त्यातच लोक फसतात. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी मागा, बस. घरी एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डाचा जुना डेस्कटॉप असेल तर त्याचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. तरीही तिथे एसएसडी टाकलेला माणूस परत हार्ड डिस्ककडे गेलेला मी पाहिला नाही.

कोणती घ्यावी? क्रुशियलची बीएक्स-५०० किंवा किंग्स्टनची ए-४०० या साध्या, स्वतःची वेगळी मेमरी (डीरॅम) नसलेल्या ड्राइव्ह आहेत. बिलं आणि टॅलीला पुरेशा. सॅमसंगची ८७० इव्हो महाग पडते, पण वॉरंटी पाच वर्षांची. ‘एसएसडी लिहून लिहून झिजते’ ही भीती तुमच्या कामासाठी सोडून द्या. बीएक्स-५०० च्या २४० जीबीच्या ड्राइव्हला कंपनी ८० टीबी (८०,००० जीबी) लिखाणाची हमी देते. रोज १० जीबी लिहिलं तरी ८००० दिवस, म्हणजे एकवीस-बावीस वर्षं. तितकं दुकानाचं शटरही टिकत नाही. भीती बाळगायचीच तर नकली मालाची बाळगा. अनोळखी नावाची १ टीबी अर्ध्याहून कमी भावात दिसली तर आत बहुधा छोटी चिप आणि खोटं लेबल असतं. जळगाव असो की भुसावळ, जीएसटीचं पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या, नाहीतर वॉरंटी कागदावरही उरत नाही.

रॅम ४ ची ८ करा. तुमच्या पिढीला डीडीआर-३ चालते, १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एलही चालते. जुन्या लॅपटॉपातून काढलेली चालेल, फक्त रात्रभर मेमरी टेस्ट लावून बघा.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे गेला की तुमच्यासारखी काळजी मलाही वाटायची. कागदावर बघितलं तर साध्या साटा एसएसडी ७० अंशांपर्यंत चालतात, हार्ड डिस्का ६० पर्यंत. म्हणजे उलट तुमची बाजू बळकटच होते. लॅपटॉप तापतो तो बहुतेक वेळा पंख्यातल्या कचऱ्यामुळे. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानातला एक लॅपटॉप मी उघडला होता, पंख्यामागे रुईची अख्खी वात निघाली! तुमच्या केंद्रात खताची धूळ असणार. झाकण उघडणारच आहात तर पंखा साफ करा, थर्मल पेस्टही बदलून घ्या.

उन्हाचा खरा धोका वेगळ्याच जागी आहे. काही जण जुनी एसएसडी बॅकअप म्हणून डब्यात घालून पत्र्याखालच्या कपाटात ठेवतात. विजेविना पडलेल्या एसएसडीतला डेटा कायम टिकत नाही, आणि गरमीत तो लवकर निसटतो. पुरती वापरून झालेल्या घरगुती ड्राइव्हसाठी जेडेक या चिपांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं मानक ३० अंशांना एक वर्ष एवढंच धरतं. आपल्या पत्र्याखाली ३० अंश कुठे असतात, डिसेंबरच्या रात्री? नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकते, पण वर्षानुवर्षं जपायचे हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवरच ठेवा.

आता डेटाविषयी. हे लिहिताना अजूनही कानकोंडं वाटतं. अमळनेरला मामेभावाचं कपाशी खरेदीचं दुकान. २०१९ च्या दिवाळीनंतर त्याच्या डेस्कटॉपला एसएसडी बसवायला गेलो. जुनी डिस्क ५०० जीबी, नवी एसएसडीही ५०० जीबी. क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, करायच्या प्रोग्रामने विचारलं, कुठून कुठे? दोन्ही नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. मी घाईत उलटं निवडलं. कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरायला लागली आणि मिनिटाच्या आत थांबवलं तरी डिस्कवरच्या विभागांचा (पार्टिशनचा) पत्ता नव्हता. मामेभाऊ मागे उभा होता, हळूच म्हणाला, “बठ्ठं गयं का भो?” (सगळं गेलं का भाऊ?) थोडं परत मिळालं, बाकीचं आम्ही दोघांनी नऊ रात्री बसून कच्च्या पावत्यांवरून पुन्हा टाइप केलं. तेव्हापासून मी नवी ड्राइव्ह शक्यतो वेगळ्या आकाराची घेतो, म्हणजे यादीत ओळखायला चूक होत नाही. आणि तिसऱ्या जागी कॉपी झाल्याशिवाय क्लोनला हात लावत नाही.

तुम्हाला तर मी क्लोन नकोच म्हणेन. बारा वर्षांचा गाळ नव्या ड्राइव्हवर कशाला न्यायचा? शिवाय जुनी डिस्क आजारी असेल तर क्लोन करताना ती मध्येच मान टाकते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम लावा. तो पिवळा इशारा देत असेल, रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, दाखवत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी हिशेब कॉपी करा. मग एसएसडीवर कोरं विंडोज. परवान्याची चिंता नको; विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, डिस्क बदलली तरी राहतो. टॅलीचं तसं नाही. जुन्या डिस्कवर असतानाच टॅलीतून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे तो परवाना मोकळा होतो, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्या, नाहीतर बियाण्यांच्या गर्दीत फोन धरून बसाल. जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर फॉन्टही उचलून ठेवा. ते राहून गेले की मराठी अर्जांची अळीच्या औषधाच्या बाटलीवरच्या छपाईपेक्षा वाईट दशा होते. ब्राउझरमधले पासवर्डही विसरू नका.

बसवणं यापुढे किरकोळ. बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, तळाचं झाकण काढा, डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट मागे सरकवा, चौकट नव्या ड्राइव्हला लावा. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर नवी हलेल, तेवढी प्लास्टिकची पट्टी लावा. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय आहे ना, ते विंडोज टाकायच्या आधी बघा. नंतर बदलला तर निळा पडदा येतो. जुनी डिस्क निरोगी असेल तर डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) टाकून तिथे बसवता येते, फक्त कॅडी साडेनऊची की १२.७ ची ते मोजून घ्या. पण महिनाभर ती फॉरमॅट करू नका. काय राहिलं ते दुसऱ्या आठवड्यातच आठवतं.

बॅटरी मेलेली असेल तर मात्र लॅपटॉप इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावा. लिहिता लिहिता लाइट गेली तर एसएसडीलाही ते मानवत नाही. हार्ड डिस्क मरण्याआधी टकटक करते, एसएसडी बहुतेकदा काहीच न सांगता जाते, आणि तिच्यातून डेटा परत काढणं जास्त अवघड.

दुकानदार एका बाबतीत चुकला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी आणि पुढचं मागतं, तुमचा लॅपटॉप त्यात बसत नाही. आडवाटेने टाकता येतं, पण हिशेबाच्या मशीनवर मी टाकणार नाही. माझा हिशेब असा: एसएसडी आणि रॅम टाकून एक-दोन हंगाम काढा, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. नवं मशीन घेतलं की हीच एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून वापरता येईल, किंवा ती आतच ठेवून लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून बहिणीला अभ्यासाला देता येईल. सरकारी साइटवर फॉर्म भरताना जे गोल फिरतं ते मात्र एसएसडीने थांबणार नाही, ते दुखणं तिकडचं आहे.

मृगाच्या आधी, केंद्रात गर्दी सुरू व्हायच्या अगोदर, एखाद्या रविवारी हे उरका. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाठवा. झाकणाखाली स्क्रू कुठे लपवलेत आणि रॅमची दुसरी खाच आहे की नाही, तेवढं बघून सांगतो.