हँड सर्जनांचं गेट-टुगेदर: घरच्यांना न्यायचं की नाही?

गेल्या वेळी या सदरात बोट तुटलं तर हॉस्पिटलला पोचेपर्यंत काय करायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत यावेळी गंमत म्हणजे हँड सर्जनांच्या, म्हणजे हाताची ऑपरेशन्स करणाऱ्या डॉक्टरांच्या, घरातलीच बरीच पत्रं आहेत आणि सगळ्यांचा विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो, म्हणून ती एकत्र घेतेय.

प्रश्न: ताई, माझे मिस्टर हँड सर्जन आहेत. त्यांचा वीसेक जणांचा एक छोटा क्लब आहे. दरवर्षी दोन रात्री सगळे सहकुटुंब लोणावळा नाहीतर अलिबागला जातात, दिवसा यांची चर्चा, संध्याकाळी सगळे एकत्र. यंदा नवीन मेंबर्स म्हणतायत की बायका-पोरं नकोत, अंधेरीला हॉटेलात एक दिवस हॉल घेऊ, आपापले अभ्यासाचे पेपर वाचू आणि घरी जाऊ. आयोजन माझ्याकडे आलंय. आणि खरं सांगू, मलाही कधीकधी वाटतं की आम्ही तिथे नुसत्या बुफेपुरत्या असतो. काय करू?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर: घरच्यांना न्यायचं बंद करू नका. हे मी हौसमौज म्हणून सांगत नाहीये, त्या दोन दिवसांत जी चर्चा होते ना तिच्यासाठीच सांगतेय. मी हँड थेरपिस्ट, म्हणजे ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम करून घेणारी, त्यामुळे मोठ्या कॉन्फरन्सेस पण बघितल्यात आणि असली छोटी गेट-टुगेदर्स पण. मोठ्या ठिकाणी स्टेजवर प्रत्येकाच्या चांगल्या केसेस असतात, मूठ पूर्ण मिटतेय, बोटं सरळ होतायत, फोटो झकास. पण हाताच्या कामात माणूस खरा शिकतो तो बिघडलेल्या केसमधून. तळहातापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा जो पट्टा आहे त्याला झोन टू म्हणतात, तिथे दोन टेंडन, म्हणजे बोट ओढणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या, एकाच अरुंद नळीतून जातात, आणि एके काळी तिथली तुटलेली टेंडन लगेच शिवूच नये असं शिकवायचे कारण शिवली तरी सगळं चिकटून बसायचं. आता शिवतात, काही दिवसांतच थेरपिस्टच्या देखरेखीखाली बोट हलवायलाही लावतात, आणि तरीसुद्धा चौथ्या आठवड्यात पेशंट पाण्याची बादली उचलतो आणि शिवलेलं तुटतं. मग चूक कुणाची, टाका कमी पडला, आम्ही व्यायाम लवकर दिला, की पेशंटला नीट समजावलंच नव्हतं? हा प्रश्न कोणी चारशे लोकांसमोर विचारत नाही. वीस जणांत विचारतो, आणि आदल्या रात्री ज्याच्या मुलीबरोबर कॅरम खेळलाय त्याच्यासमोर तर आणखी मोकळेपणी विचारतो. हे मी स्वतः त्या खोलीत बसून ऐकलंय आणि त्यातूनच पुढे माझ्या पेशंट्सना द्यायच्या सूचना मी बदलल्या.

आणि ही शाखा वाढलीच मुळी छोट्या खोल्यांतून. दुसऱ्या महायुद्धात हाताला जखमा झालेले इतके सैनिक परत आले की अमेरिकेत फक्त हातांसाठी वेगळी सेंटर्स काढावी लागली, त्यात सर्जन स्टर्लिंग बनेल हे मुख्य नाव, आणि १९४६ मध्ये तिथल्या हँड सर्जनांची सोसायटी सुरू झाली तेव्हा सर्जन होते अवघे ३५. ब्रिटनमध्ये १९५२ ला निघाला तो तर सरळ सरळ क्लबच होता, त्याची सोसायटी व्हायला १९६८ उजाडलं. तेव्हा तुमच्या नवीन मेंबर्सना सांगा की छोटं असणं हा काही कमीपणा नाही. त्यांचा मुद्दा क्रेडिट पॉइंट्सचा असेल तर डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात, ते मुंबईत बाकी कुठेही मिळतील, त्यासाठी हा एक वीकेंड मोडायची काय गरज आहे?

अजून एक गोष्ट आहे जी नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे रिटायर झालेले सर. आपल्याकडे हँड सर्जन दोन वाटांनी येतात, कोणी ऑर्थोपेडिकमधून, कोणी प्लास्टिक सर्जरीतून, दोघांचं शिक्षण वेगळं, दोघांचा हाताकडे बघायचा डोळा वेगळा, आणि दोन्हीकडची जुनी पिढी ज्यांनी बघितली ते लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुंबईत डॉ. नोशीर अँटियांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर केलेलं काम, डॉ. बी. बी. जोशींनी बारीक तारा आणि रॉड वापरून बाहेरून हाड धरायची काढलेली ती 'जेस' पद्धत, हे ज्यांनी जवळून पाहिलं ते अंधेरीच्या हॉलमध्ये आठ तास खुर्चीत बसायला येणार नाहीत. नातवंडांना घेऊन अलिबागला मात्र येतील. आणि आले की सकाळच्या चहाला जे बोलतात ते कुठल्याही पेपरमध्ये नसतं. घरच्यांना काढलंत की हे लोक पण गेले असं समजा.

आता तुमचं बुफेपुरतं वाटणं. ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याला जबाबदार आहे कार्यक्रमाची आखणी. बहुतेक ठिकाणी होतं काय, डॉक्टर सकाळी नऊला हॉलमध्ये शिरतात ते सहाला बाहेर येतात, बायका किंवा मिस्टर लोक पोरांना स्विमिंग पूलवर सांभाळत बसतात आणि रात्री सगळे दमलेले. याच्यापेक्षा दोन्ही दिवस सकाळी फक्त अर्धा दिवस केसेस ठेवा, दार बंद करून, फोन बाहेर. दुपारनंतर हॉल बंद म्हणजे बंद. आणि एक तास असा ठेवा जिथे सगळे असतील, दहा वर्षांच्या मुलापासून सासूबाईंपर्यंत. मी एका वर्षी स्प्लिंटचं, म्हणजे बोट एका जागी धरून ठेवणाऱ्या साच्याचं, टेबल लावलं होतं. आमचं जे थर्मोप्लास्टिक असतं ते पांढरं, कडक, पत्र्यासारखं, गरम पाण्यात टाकलं की मिनिटाभरात पारदर्शक होतं आणि इतकं लुळं पडतं की चिमट्यावर लोंबतं, मग ते पुसून, जरा निवू देऊन बोटावर ठेवायचं आणि हाताने दाबत आकार द्यायचा, बघता बघता परत पांढरं आणि कडक. पाण्यापाशी मोठ्यांनीच उभं राहायचं हे वेगळं सांगायला नको. मुलांनी आपापल्या वडिलांच्या बोटांना स्प्लिंट केले, आणि त्या दिवशी एका मिसेसनी मला विचारलं की म्हणजे हे सहा आठवडे रात्रंदिवस घालायचं असतं? रोज घरी नवरा ज्या विषयावर बोलतो तो त्यांनी पहिल्यांदा हातात धरला होता.

दुसरं टेबल मायक्रोस्कोपचं. ट्रेनिंगसाठी छोटे मायक्रोस्कोप असतात, कोणीतरी नक्की आणेल. जुन्या ग्लोव्हचा रबर ताणून लावायचा, त्यावर बारीक चीर, आणि टेन-झीरोचा दोरा, जो केसापेक्षाही बारीक असतो आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. बोटाची रक्तवाहिनी साधारण एक मिलिमीटरची, ती या दोऱ्याने शिवतात. एक टाका घालून बघायला सांगा सगळ्यांना. रात्री दहाला जेवण गार करून हे लोक सहा सहा तास कुठे असतात ते घरच्यांना तेव्हा कळतं, आणि ते कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

तारखेचं बघताना मकर संक्रांत टाळा. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी बोटं कापून येतातच. दिवाळी फटाक्यांमुळे नाही, फेब्रुवारी-मार्च बोर्डामुळे नाही. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात बरे, ख्रिसमसचे रेट लागायच्या आत. पावसाळ्यात अलिबाग ठरवत असाल तर गेटवेच्या लाँच बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीचं आधी बघून घ्या. आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल ठेवत असाल तर, मी मनापासून सांगतेय, सर्जन मंडळींना जरा आवरा. बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि शेवटचं पेर खाली लोंबलं की सहा ते आठ आठवडे स्प्लिंट, आणि तेवढे दिवस त्यांच्या पेशंट्सची ऑपरेशन्स पुढे.

एक मात्र विसरू नका, सगळेच्या सगळे मुंबईबाहेर जाऊ शकत नाहीत. भिवंडीच्या लूमवर नाहीतर कुर्ल्याच्या प्रेस मशीनवर त्याच रात्री कोणाचं तरी बोट जाणार आहे. नीट गार ठेवलेलं बोट बारा तास, कधी त्याहूनही जास्त थांबतं, पण मनगटाच्या वरून तुटलेला हात म्हणजे त्यात स्नायू आले, तो साधारण सहा तासांच्या पलीकडे थांबत नाही. दोघा-तिघांना मागे राहावंच लागतं आणि दरवर्षी तेच ते लग्न न झालेले किंवा सगळ्यात ज्युनिअर असतात. पाळी लावा, लेखी लावा, आणि जे यंदा राहिले त्यांना पुढच्या वर्षीची जागा आणि तारीख ठरवू द्या.

प्रश्न: मी नुकतीच फेलोशिप संपवून अशाच एका क्लबमध्ये आलेय. मुलगा दोन वर्षांचा आहे, मिस्टरांना सुट्टी मिळेल असं वाटत नाही. सगळे म्हणतात फॅमिली-फ्रेंडली आहे, ये की! पण तिथे मी केस प्रेझेंट करताना हा कोणाकडे? मग वाटतं नकोच जायला.
(एक सर्जन, ठाणे)

उत्तर: जा गं. आणि जायच्या आधी ग्रुपवर स्पष्ट विचार की लहान मुलांसाठी काय सोय आहे. संकोच करू नकोस, तुझ्यासारखं विचारणारं कोणी नसतं म्हणूनच सोय होत नाही. आयोजकांनी हॉलच्या शेजारची एक खोली घ्यायची, दोन सांभाळणाऱ्या बायका सगळ्यांच्या वर्गणीतून ठेवायच्या, फक्त आयांच्या वर्गणीतून नाही, आणि त्यात वडील सर्जन असतील त्यांनीही डायपर बदलायला उठायचं. तुझी आई किंवा सासूबाई येऊ शकत असतील तर त्यांचं नावही फॅमिलीत धरलं जातं ना ते बघ, काही ठिकाणी फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि मुलं एवढंच मोजतात, ते बरोबर नाही. तुझी केस सकाळची पहिली मागून घे, मुलगा ताजातवाना असतो. आणि सारखं कडेवर घेऊन तुझाच अंगठ्याच्या बाजूचा मनगटाचा भाग दुखत असेल तर लपवू नकोस. लहान मुलांच्या आयांना होणारं हे नेहमीचंच दुखणं आहे, तुला मी काय सांगणार, पण स्वतःचं दुखणं दाखवायला सर्जन फार उशीर करतात. अख्ख्या मुंबईत याच्यापेक्षा चांगली ओपीडी तुला कुठे मिळणार आहे?

प्रश्न: मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, बोटाचं ऑपरेशन झालंय. हे सगळे सहकुटुंब रिसॉर्टला जातात तो खर्च कोण करतं? औषध कंपन्या ना? मग आमच्या बिलात तोच येतो का?
(एक वाचक, गिरगाव)

उत्तर: काका, प्रश्न अगदी योग्य आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ चे, त्यात डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात स्पष्ट आहे की औषध किंवा उपकरणांच्या कंपनीकडून स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी प्रवास, हॉटेल, भेटवस्तू घ्यायची नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या असल्या गोष्टींचा खर्च करात वजा मिळणार नाही, आणि मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठीच्या सरकारी संहितेतही कुटुंबाचा प्रवास आणि हॉटेल नको असं आलंय. म्हणजे नियमाने बघाल तर हा खर्च डॉक्टरांनी खिशातून करायचा. मी ज्यांच्याबरोबर जाते ते करतात, वर्गणी काढतात आणि हिशोब ग्रुपवर टाकतात. पण हे सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. आयोजकांना माझं सांगणं आहे की हाडांत बसवायच्या प्लेट्स आणि स्क्रू विकणाऱ्याचा बॅनर जेवणाच्या टेबलाशेजारी सुद्धा लावू देऊ नका. रिसॉर्ट साधं घ्या, चार खोल्या कमी सुंदर असल्या तरी चालतील. ज्या वीकेंडला मुलांसमोर आपण आपल्या कामाबद्दल बोलतो त्याचं बिल दुसऱ्याने भरलेलं मला तरी सहन होणार नाही. आणि तुमच्या बिलाबद्दल शंका असेल तर आयटमवार बिल मागा, इम्प्लांट लागलं असेल तर त्याचा स्टिकर फाईलमध्ये आहे का बघा. तो तुमचा हक्क आहे. बोटाचे व्यायाम मात्र सोडू नका.

प्रश्न: मी दहावीत आहे. बाबा हँड सर्जन आहेत. गेट-टुगेदरला मला केसेसच्या सेशनमध्ये बसायचंय, मला डॉक्टर व्हायचंय. बाबा नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना.
(वाशी)

उत्तर: नाही सांगणार, बाबा बरोबर आहेत. ते फोटो ज्या माणसांचे आहेत त्यांनी डॉक्टरांना दाखवायला परवानगी दिलीय, तुला नाही. चेहरा दिसत नसला तरी हातावरच्या गोंदणावरून, अंगठीवरून माणूस ओळखू येतो. पण तुला शिकायचंय ना, मग मायक्रोस्कोपच्या टेबलावर मला मदतनीस हवाच असतो तसा तिकडेही लागेल, आधीच नाव दे. आणि तोपर्यंत एक करून बघ. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धर आणि उजवी बोटं एकेक करून वाकव. काय हलतंय ते कळेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे असतात, बोटांत फक्त त्यांच्या दोऱ्या येतात. कुठल्या बोटाला कुठे हललं ते कागदावर काढ आणि गेट-टुगेदरला जे कोणी रिटायर झालेले सर येतील त्यांना दाखव, ते तुला तासभर सोडणार नाहीत.